विहीर क्रमांक दोनचे दोन आकडे : खाडीकाठच्या शाळेतल्या एका विज्ञान प्रकल्पाचा अभ्यास

रत्नागिरीच्या दक्षिणेला पूर्णगडपासून जैतापूरपर्यंत खाड्यांच्या काठाने ज्या वाड्या आहेत, त्यांची मांडणी साधारण सारखीच असते. वर जांभ्याचा सडा म्हणजे खडकाळ पठार, उतारावर आंबा-काजू, खाली नारळी-पोफळीची आगरं म्हणजे बागा, त्याखाली खाजण म्हणजे खाडीची खारी दलदल आणि मग खाडी. पाऊस वर्षाला ३००० मिलिमीटरच्या पुढे पडतो. पण जांभा सच्छिद्र आणि उतार मोठा, त्यामुळे सड्यावर पडलेलं पाणी काही महिन्यांत झिरपून खाडीला मिळतं. शिमगा आटपला की विहिरी खोल जातात आणि खाडीलगतच्या विहिरींचं पाणी मचूळ लागायला लागतं. मे महिन्यात चाकरमानी गावी आले की उपसा वाढतो आणि मचूळपणाही वाढतो. हे वाडीतल्या प्रत्येकाला माहीत असतं, पण कुणी मोजलेलं नसतं.

अशाच एका गावातल्या माध्यमिक शाळेच्या आठवीतल्या पाच मुलांनी ते मोजायचं ठरवलं. विज्ञान शिकवणाऱ्या बाईंनी मला अधूनमधून येऊन बसायला सांगितलं होतं. मी तालुक्यातल्या शाळांमध्ये अशा प्रकल्पांना मदत करते, त्यामुळे या गटाच्या बैठका, त्यांची वही आणि त्यांची भांडणंही मला जवळून पाहता आली. प्रकल्प बरा झाला म्हणून हे लिहीत नाही. पाच मुलांचं काम कुठल्या क्षणी खरोखर पाचांचं झालं हे या प्रकरणात फार स्पष्ट दिसतं आणि ते शिक्षकांपर्यंत पोचावं असं मला मनापासून वाटतं, म्हणून लिहिते आहे. गावाचं आणि मुलांचं नाव देत नाही. मुलांना त्यांच्या कामावरूनच ओळखू या.

कामाची पहिली वाटणी

प्रश्न सोपा होता : वाडीतल्या सात विहिरींपैकी कोणती किती खारट होते आणि खाडीपासूनच्या अंतराचा त्याच्याशी काय संबंध आहे? खाडीपासून वर चढत जाताना विहिरींना एक ते सात क्रमांक दिले. साधन म्हणजे पेनासारखे दोन टीडीएस मीटर. हा मीटर पाण्यातून वीज किती सहज वाहते ते पाहतो आणि त्यावरून लिटरमागे किती मिलिग्रॅम क्षार विरघळले असतील याचा अंदाज आकड्यात दाखवतो. पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानकानुसार हा आकडा ५०० पर्यंत असावा आणि दुसरा स्रोतच नसेल तर २००० पर्यंत चालतो.

वर्गात हुशार समजल्या जाणाऱ्या मुलीला गटप्रमुख केलं. वही, अहवाल आणि प्रदर्शनातलं बोलणं तिच्याकडे. दोन मुलगे मीटरवाले. जिचं अक्षर आणि चित्रकला चांगली त्या मुलीकडे तक्ते. पाचवा मुलगा मासेमारी करणाऱ्या घरातला, अंगाने दणकट. त्याच्याकडे दोर-पोहरा, टेप धरणं आणि सामान वाहणं. ही वाटणी मुलांनी स्वतःच केली आणि बहुतेक शाळांमध्ये ती अशीच होते. ज्याला जे आधीच येतं ते त्याला मिळतं. काम भरभर होतं, पण विचार करण्याचं काम नकळत एकाच्याच वाट्याला जातं. बाकीचे हात उरतात.

वहीत तीन रकाने आखले : तारीख, विहीर, आकडा.

भांडण

एका रविवारी सकाळी सातच्या सुमारास पहिला मीटरवाला आणि पोहरा ओढणारा मुलगा मोजायला गेले. विहीर क्रमांक दोनचा आकडा आला सहाशेच्या थोडा वर. पुढच्या शुक्रवारी शाळा सुटल्यावर दुसरा मीटरवाला गटप्रमुख मुलीबरोबर गेला. त्याच विहिरीचा आकडा अकराशेच्या पुढे. वरच्या विहिरींचे आकडे जवळपास जुळत होते. घोळ दोन नंबरचाच होता.

सोमवारी बैठकीत आवाज चढले. 'तुम्ही मीटर धुतलाच नसणार', 'तुम्ही पोहरा नीट बुडवलाच नाही', 'तुझा मीटर खराब आहे'. गटप्रमुखाला तक्ता पुढच्या आठवड्यात पूर्ण हवा होता. तिने सरासरी काढून साडेआठशेच्या आसपासचा आकडा लिहायचं सुचवलं आणि तिघांनी मान डोलावली. प्रकल्पात धोक्याची जागा हीच होती. दोन आकड्यांत एवढा फरक असेल तर तो कुठून तरी आलेला असतो. सरासरी काढली की तो कुठून आला हे विचारायची गरजच संपते.

बाईंनी एवढंच सांगितलं, "दोन्ही आकडे वहीत राहू देत. खोडायचं काही नाही. आधी मीटर तपासा." कोण चुकलं याचा निवाडा त्यांनी केला नाही. माझ्या मते अख्ख्या प्रकल्पात मोठ्या माणसाने केलेलं सगळ्यात मोलाचं काम हे होतं.

तपासणी मुलांनी छान केली. गॅरेजमधून बॅटरीत घालायचं शुद्ध पाणी आणलं. प्रयोगशाळेच्या तराजूवर एक ग्रॅम मीठ तोलताना काटा नीट स्थिर होईना, म्हणून दहा ग्रॅम तोलून एक लिटर पाण्यात विरघळवलं आणि त्यातलं १०० मिलिलिटर घेऊन पुन्हा लिटरभर केलं. म्हणजे लिटरला एक ग्रॅम, १००० मिलिग्रॅम. दोन्ही मीटर एकाच पेल्यात बुडवले. दोन्ही हजाराच्या आसपास आणि एकमेकांच्या अगदी जवळ. मीटर निर्दोष ठरले आणि त्याबरोबर मीटरवालेही. एकमेकांवरचा संशय यंत्र तपासून गेला, समजूत घालून गेला नसता. आता सगळ्यांना मान्य करावं लागलं की फरक विहिरीतच आहे.

चौथा आणि पाचवा रकाना

"तुम्ही किती वाजता गेला होतात?" असं बाईंनी विचारल्यावर लक्षात आलं की वहीत वेळ लिहिलेलीच नाही. चौथा रकाना आला : वेळ.

तेव्हा पोहरा ओढणारा मुलगा बोलला. तोपर्यंतच्या बैठकांमध्ये तो जवळजवळ गप्पच असे. "आम्ही गेलो तेव्हा सुकती, म्हणजे ओहोटी होती. ते गेले तेव्हा भरती भरलेली." तुला कसं आठवतं, असं गटप्रमुखाने विचारलं. तो म्हणाला, आठवायचं कशाला, तिथी बघायची.

मग त्याने घरी रोज वापरला जाणारा हिशेब फळ्यावर मांडला. तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ येते. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता. भरती रोज साधारण ५० मिनिटं उशिरा येते आणि एका दिवसात दोनदा येते, म्हणून हा हिशेब सकाळ-संध्याकाळ दोन्हीला चालतो. कालनिर्णय काढून पाहिलं. तो रविवार द्वितीयेचा होता : पूर्ण भरती दीडला, म्हणजे सकाळी सातला पाणी तळाला गेलेलं. शुक्रवारी सप्तमी : पूर्ण भरती सव्वापाचला. दुसरी जोडी विहिरीवर पोचली ती नेमकी त्याच सुमारास.

वर्गातली हवाच बदलली. गटप्रमुखाने खडू त्याच्या हातात दिला आणि पाचवा रकाना त्यानेच आखला : भरती की ओहोटी. एवढे दिवस तो दोर ओढत होता आणि प्रत्येक वेळी खाडीची स्थिती त्याला ठाऊक होती. त्याला कुणी विचारलं नव्हतं आणि हे सांगण्याजोगं ज्ञान आहे असं त्यालाही वाटलं नव्हतं. कोकणातल्या शाळांत हे मी पुन्हा पुन्हा पाहते. गरवण्याचं म्हणजे गळाने मासे धरण्याचं, जाळ्याचं, खाजणाचं, आगराचं ज्ञान मुलं दप्तराबरोबर शाळेत आणतात, पण वहीत त्याला रकाना नसतो.

इथेच थांबलं असतं तर गोष्ट गोड झाली असती आणि निष्कर्ष चुकला असता. थांबू दिलं नाही ते त्याच मुलाने. दुसऱ्या दिवशी तो म्हणाला की आपल्याला पटत नाही. द्वितीयेला उधाण असतं, पाणी खूप चढतं आणि खूप उतरतं. सप्तमी-अष्टमीला भांग, तेव्हा पाणी फारसं चढत नाही. मग भांगाच्या भरतीने आकडा दुप्पट कसा होईल? ज्या म्हणण्यामुळे गटात पहिल्यांदाच मान मिळाला, त्याच म्हणण्यावर दुसऱ्या दिवशी स्वतः शंका घ्यायला तेराव्या-चौदाव्या वर्षी किती हिंमत लागत असेल याचा मी अजून विचार करते.

सहावा रकाना

पुढच्या बैठकीत तक्ते काढणारी मुलगी कुणाकडे न पाहता म्हणाली, "अजून एक रकाना काढते." आणि तिने शीर्षक लिहिलं : पंप.

दोन नंबरची विहीर सामाईक आहे. चार घरांचा तिच्यावर हक्क. तीन घरं पोहऱ्याने पिण्यापुरतं पाणी काढतात. चौथं घर या तक्तेवाल्या मुलीचं स्वतःचं. त्यांचं नारळी-पोफळीचं आगर मोठं, शिंपण्यासाठी विहिरीवर पंप आहे आणि तो दुपारनंतर चालतो. शुक्रवारी दुसरी जोडी पोचली तेव्हा तो नुकताच बंद झाला होता. तिला हे पहिल्या भांडणापासून माहीत होतं, पण बोलली असती तर बोट तिच्या आजोबांकडे गेलं असतं. सामाईक विहिरींवरून कोकणात भाऊबंदकीच्या किती केसेस चालतात हे इथल्या मुलांना सांगावं लागत नाही.

गटकामावरच्या मार्गदर्शनात 'मोकळेपणाने बोला' असं सर्रास सांगितलं जातं. मुलं का बोलत नाहीत याची कारणं मात्र वेगवेगळी असतात. पोहरा ओढणाऱ्याला आपल्या माहितीची किंमत ठाऊक नव्हती, तर हिला ती पुरती ठाऊक होती. पहिल्याला विचारणारं कुणीतरी हवं होतं, दुसरीला सुरक्षितता. रकाना तिला ती सुरक्षितता देऊ शकला, कारण रकान्यात फक्त 'चालू' किंवा 'बंद' लिहायचं होतं, कुणाचा पंप ते लिहायचं नव्हतं. बाईंनीही तिला भर बैठकीत काही विचारलं नाही.

रविवारचा पहारा

आता दोन कारणं समोर होती आणि ती एकमेकांत मिसळलेली. ती वेगळी कशी करायची यावर मुलांनी पुष्कळ डोकं चालवलं. शेवटी ठरलं ते असं : उधाणाच्या एका रविवारी पहाटेपासून दर तासाला दोन नंबरचा आकडा घ्यायचा, दुपारी उशिरापर्यंत पंप बंद ठेवायचा, मग नेहमीसारखा चालवायचा आणि पुढे मोजत राहायचं. पंप बंद ठेवण्यासाठी आजोबांना विचारायला सगळा गट गेला. तिला एकटीला पाठवलं नाही. हा निर्णय गटप्रमुखाचा होता आणि तो मला फार आवडला.

पंप बंद असताना आकडा भरतीबरोबर थोडासा वर गेला, पूर्ण भरतीनंतर काही वेळाने, आणि पुन्हा खाली आला. फरक शंभराच्या आत. पंप चालू झाल्यावर मात्र तो चढतच गेला, हजार ओलांडून पुढे, आणि खाली यायला दुसरी सकाळ उजाडली. वरच्या विहिरींवर भरतीचा काहीच परिणाम दिसला नाही.

दुसऱ्या मीटरवाल्याने मग एक हिशेब केला. समुद्राच्या पाण्यात लिटरमागे साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात. म्हणजे विहिरीच्या आकड्यात पाचशेची भर पडायला लिटरमागे जेमतेम १५ मिलिलिटर समुद्राचं पाणी पुरतं, तीन लहान चमचे. हे ऐकून वर्ग थोडा वेळ गप्प झाला. मीटर क्षार कोणते ते सांगत नाही, म्हणून ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकाकडच्या तपासणी संचाने क्लोराइडही पाहिलं. तेही पंपानंतर वाढलेलं आढळलं. समुद्राच्या पाण्यातल्या क्षारांत निम्म्याहून अधिक वाटा क्लोराइडचा असतो, त्यामुळे खारटपणा खाडीचाच या म्हणण्याला आधार मिळाला.

असं का होतं? गोडं पाणी हलकं, खारं पाणी त्याहून सुमारे अडीच टक्के जड. म्हणून किनाऱ्यालगतच्या जमिनीत गोडं पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत असतं. नेदरलँड्सचे बादोन गायबेन आणि जर्मनीचे हर्झबर्ग यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीला आणि १९०१ मध्ये स्वतंत्रपणे दाखवलं की समुद्रसपाटीच्या वर गोड्या पाण्याची पातळी एक मीटर असेल तर सपाटीखाली सुमारे ४० मीटरपर्यंत गोडं पाणी असू शकतं. याची दुसरी बाजू अशी की वरची पातळी थोडीशी घटली तरी खालचं खारं पाणी कितीतरी वर सरकतं. हे गणित स्थिर पाण्याचं आहे, रोज उपसल्या जाणाऱ्या विहिरीला ते जसंच्या तसं लावता येत नाही, हे मुलांना सांगितलं. पण दिशा तीच. जोरात उपसा केला की तळाचं खारं पाणी पंपाकडे वर खेचलं जातं.

मुलांना हे शब्दांत पटेना. त्यांनी काचेच्या बरणीत रंगीत मिठाचं पाणी घेतलं, त्यावर चमच्याच्या पाठीवरून हळूच गोडं पाणी सोडलं आणि वरच्या थरात सुईशिवायची सिरिंज धरून पाणी ओढलं. हळू ओढलं तर रंग खालीच राहतो. जोरात ओढलं की मध्येच रंगाचा उंचवटा उठतो. मग विहिरीतही असंच आहे का ते पाहायला दगड बांधलेली बाटली तळाशी सोडून, दुसऱ्या दोरीने बूच ओढून तिथलं पाणी आणलं. पंप बंद असलेल्या सकाळीही तळाचा आकडा वरच्यापेक्षा बराच जास्त निघाला. सातवा रकाना आला : किती खोलीवरचं पाणी.

घरी सांगणं

निष्कर्ष हाती आल्यावर तो आधी कुणाला सांगायचा? गटात यावर पुन्हा वाद झाला आणि या वेळी तो चांगला झाला. एक मीटरवाला म्हणाला, खरं आहे ते खरं, प्रदर्शनात मांडू. तक्तेवाली म्हणाली, मग मला घरी जेवण जाणार नाही. शेवटी तक्ता आधी आजोबांना दाखवायचा आणि प्रदर्शनात विहिरीची जागा किंवा मालकी कळेल असं काही लिहायचं नाही, असं ठरलं. आकडे मात्र एकही बदलायचा नाही.

आजोबांनी तक्ता नीट पाहिला. पहिला प्रश्न विचारला तो असा : "थोडा वेळ चालवून थांबलो तर किती येतो ते मोजलंत का?" मोजलं नव्हतं. मुलांनी मे महिन्यात ते मोजलं. तेवढंच पाणी एका दमात उपसण्याऐवजी तीन टप्प्यांत, मध्ये तासाभराची विश्रांती देऊन उपसलं तर आकडा हजाराच्या खाली राहिला. आगराला पाणी मिळालं. बाकीची घरं पिण्याचं पाणी पहाटे भरू लागली. पंपाच्या वेळांबद्दल चारही घरांचं पूर्ण एकमत झालं असं नाही. पण बोलणं सुरू झालं ते आकड्यांवरून, जुन्या रागावरून नाही.

पावसाळ्यात पुन्हा मोजलं तेव्हा दोन नंबरचा आकडाही चांगलाच उतरलेला होता आणि भरतीचा मागमूस नव्हता. प्रकल्प नववीत गेल्यावर तालुक्याच्या विज्ञान प्रदर्शनात मांडला. क्रमांक आला नाही. पण परीक्षकांनी वही उघडून पहिल्या पानावरच्या न जुळणाऱ्या दोन आकड्यांबद्दल विचारलं आणि उत्तर द्यायला पोहरा ओढणारा मुलगा पुढे झाला, एवढं मी पाहिलं.

गुण कसे द्यायचे

सगळ्यांना सारखे गुण दिले तर कामचुकार सुटतो, वेगवेगळे दिले तर गट फुटतो, ही शिक्षकांची नेहमीची अडचण. बाईंनी काढलेला मार्ग नोंदवण्याजोगा आहे. प्रत्येक मुलाला वहीतला असा एक आकडा दाखवला जो त्याने स्वतः घेतलेला नाही आणि तो कसा घेतला, त्यावर कितपत भरवसा ठेवावा, असं विचारलं. दुसऱ्याचं काम किती समजलं आहे यावर निम्मे गुण, उरलेले सामाईक. पहिल्या वाटणीवर हीच परीक्षा घेतली असती तर गटप्रमुख सोडून बाकीचे अडखळले असते. कदाचित तीही, कारण तिने तोपर्यंत कधी पोहरा बुडवलाच नव्हता.

त्यानंतर शाळेने ठरवलं की प्रत्येक मुलाने प्रत्येक काम निदान एकदा करायचं. मीटर, वही, पोहरा, तक्ता आणि बोलणं, सगळं. याने काम मंदावतं. तक्ते पहिल्याइतके देखणे होत नाहीत आणि प्रदर्शनाची तारीख जवळ आली की पालक कुरकुर करतात. माझ्या मते ही किंमत देण्याजोगी आहे, पण ती आहे हे शिक्षकांनी आधीच धरून चालावं.

सगळ्यात अवघड गेलं ते गटप्रमुख मुलीला. शेवटी प्रत्येकाने एक पान लिहायचं होतं. तिने लिहिलं की सगळ्यांना सगळं शिकवत बसल्यामुळे तिचं काम दुप्पट झालं आणि ते कुठे दिसत नाही. तिची तक्रार खरी आहे. ज्याला जास्त येतं त्याच्याकडून आपण गटकामात वेळ आणि धीर घेतो, पण त्याची नोंद ठेवत नाही. यंदाच्या गटाच्या वहीत 'आज कोणी कोणाला काय शिकवलं' अशी एक ओळ रोज लिहायची असं बाईंनी ठरवलं आहे आणि ती ओळ गुणांतही धरली जाणार आहे.